पडदा आणि प्रपंच : पहिल्या पानाची हांव

सुशिक्षित घरांतून मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे एके काळीं वकिली, वैद्यकी, मास्तरकी आणि सरकारी नोकरी या चार वाटांपलीकडे कोणाची दृष्टि सहसा जात नसे. आतां तसें राहिलेलें नाहीं. आपल्या नव्या मुंबईंतील महाविद्यालयांतूनहि वृत्तव्यवसायाचे वर्ग चालतात आणि त्यांत मुलींचा भरणा चांगला असतो. "आई, मला बातमीदार व्हायचें आहे," असें एखादी मुलगी म्हणते, तेव्हां घरांतील वडील माणसांच्या मनांत दोन भाव एकदमच उभे राहतात. एक कौतुकाचा, कारण ज्या धंद्यांत जांभेकर, टिळक, आगरकर होऊन गेले त्या धंद्याविषयीं मराठी माणसाला मूळचाच आदर आहे. दुसरा धास्तीचा, कारण हा धंदा रात्रीबेरात्रीं फिरवितो, नको त्या माणसांच्या ओळखी करवितो आणि पुढें जाण्यासाठीं माणसाला काय काय करावयास लावतो याचा कांहींच अंदाज लागत नाहीं.

या दोन्ही भावांना तोंड फोडणारी एक चित्रमालिका या महिन्यासाठीं आम्हीं निवडली आहे. तिचें नांव 'स्कूप'. ती नवी नाहीं. २ जून २०२३ रोजीं नेटफ्लिक्सवर आली आणि सहा भागांत संपली. हंसल मेहता यांनीं ती दिग्दर्शित केली असून तिच्या निर्मितींत त्यांच्याबरोबर मृण्मयी लागू-वैकुळ या मराठी लेखिकेचा मोठा वाटा आहे. जुनी असूनहि ती येथें घेण्याचें कारण हें कीं, तिची कथा कल्पनेंतून निघालेली नाहीं. ती आपल्याच मुंबईंत घडलेली आहे आणि तिचा न्यायनिवाडाहि झालेला आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. ११ जून २०११, शनिवार. दुपारची वेळ. 'मिड-डे' या इंग्रजी दैनिकांत गुन्हेगारी जगाच्या बातम्या देणारे ज्येष्ठ बातमीदार ज्योतिर्मय डे आपल्या मोटारसायकलवरून पवईच्या हिरानंदानी भागांतून जात असतां त्यांच्यावर मोटारसायकलस्वारांनीं गोळ्या झाडल्या व त्यांत त्यांचा अंत झाला. डे हे साधे बातमीदार नव्हते. खबऱ्यांच्या जगावर त्यांनीं पुस्तक लिहिलेलें होतें. टोळ्यांच्या आंतल्या गोष्टी त्यांना ठाऊक असत. भर दिवसां, भर वस्तींत असा मनुष्य मारला जातो, हें पाहून सारी पत्रसृष्टि हादरली. मोर्चे निघाले, तपास गुन्हे शाखेकडे गेला, गोळ्या झाडणारे पकडले गेले, आणि हा खून परदेशांतून टोळी चालविणाऱ्या छोटा राजन यानें करविला असें पोलिसांनीं सांगितलें.

यानंतर पांच महिन्यांनीं या प्रकरणाला अनपेक्षित वळण लागलें. २५ नोव्हेंबर २०११ रोजीं पोलिसांनीं 'एशियन एज' या दैनिकाच्या मुंबई कचेरींतील उपप्रमुख जिग्ना व्होरा यांना अटक केली. आरोप असा कीं, व्यवसायांतील चुरशीपोटीं त्यांनीं डे यांच्याविरुद्ध राजनचे कान भरले आणि डे यांच्या मोटारसायकलचा क्रमांक व पत्ता त्याला पुरविला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा जो १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा 'मोक्का' या नांवानें ओळखला जातो, तो त्यांना लावण्यांत आला. या कायद्याखालीं जामीन मिळणें अतिशय कठीण असतें. भायखळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं आठ महिने काढले. जुलै २०१२ मध्यें जामीन मिळाला. खटला पुढें अनेक वर्षें चालला. २ मे २०१८ रोजीं विशेष न्यायालयानें राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली आणि जिग्ना व्होरा यांना निर्दोष सोडलें. ऑगस्ट २०१९ मध्यें उच्च न्यायालयानेंहि ती मुक्तता कायम केली. म्हणजे न्यायाच्या दृष्टीनें त्या निष्कलंक आहेत. परंतु नोकरी गेली ती गेली, आणि मधल्या काळांत वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून त्यांच्याविषयीं जें जें सांगितलें गेलें तें परत घ्यावयास कोणी आलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या तुरुंगवासाची हकीकत इंग्रजी पुस्तकरूपानें लिहिली. 'स्कूप'चा आधार तें पुस्तक होय.

मालिकेंत नांवें बदललेलीं आहेत. नायिका जागृति पाठक ही घटस्फोटित, एका मुलाची आई, माहेरच्या माणसांच्या आधारानें राहणारी आणि वृत्तपत्राच्या कचेरींत झपाट्यानें वर चढलेली बाई आहे. करिश्मा तन्ना यांनीं ही भूमिका अतिशय संयमानें केली आहे. पहिल्या पानावर आपल्या नांवानिशीं बातमी यावी याहून मोठें सुख तिला ठाऊक नाहीं. त्यासाठीं ती पोलीस अधिकाऱ्यांशीं ओळखी ठेवते, खबऱ्यांना सांभाळते, फोन आला कीं ताटावरून उठते. बातमीची खातरजमा मागणारा इमरान हा संपादक (मोहम्मद झीशान अय्यूब), मितभाषी ज्येष्ठ बातमीदार जयदेव सेन (प्रसेनजित चॅटर्जी), गोड बोलणारा वरिष्ठ पोलीस अधिकारी श्रॉफ (हरमन बावेजा) आणि जागृतीच्या हाताखालीं शिकणारी, तिच्यासारखेंच व्हावें अशी इच्छा धरणारी दीपा हीं पात्रें तिच्याभोंवतीं आहेत. सेन यांचा खून होतो, आणि कालपर्यंत बातमी लिहिणारी बाई आज बातमी होते.

मालिकेचें सर्वांत मोठें यश आमच्या मतें तिच्या कचेरींतील प्रसंगांत आहे. खून, तुरुंग, न्यायालय हें सारें इतर चित्रपटांतहि असतें. परंतु गुन्हेवृत्त देणाऱ्या मनुष्याचा रोजचा व्यवहार कसा चालतो हें इतक्या उघडपणें आपल्याला क्वचितच दाखविलें जातें. त्या व्यवहाराचें भांडवल म्हणजे ओळख. पोलीस अधिकारी बातमी देतो ती फुकट देत नाहीं. तिची किंमत पुढच्या बातमींत वसूल होते. कधीं त्याच्या कामगिरीची दोन ओळी जास्त स्तुति, कधीं एखाद्या अडचणीच्या गोष्टीविषयीं मौन. वाचकाला दिसतात ते फक्त दोन शब्द : "सूत्रांच्या माहितीनुसार." हें सूत्र कोण, त्याचा हेतु काय, त्यानें सांगितलेलें आणखी कोणाला विचारून पाहिलें काय, हें वाचकाला कधींच कळत नाहीं. जागृति हा खेळ चांगला खेळते. आणि तिला अटक होते तेव्हां तींच सूत्रें, त्याच पद्धतीनें, तिच्याविषयीं दुसऱ्या बातमीदारांना माहिती पुरवूं लागतात. जें यंत्र तिनें हौसेनें फिरविलें त्याच यंत्राच्या दांत्यांत तिचा पदर सांपडतो.

यावरून कोणी म्हणेल, "बरें झालें! महत्त्वाकांक्षेचें फळ मिळालें." आम्हांस हें मान्य नाहीं. महत्त्वाकांक्षा हा दुर्गुण नव्हे. ज्या बातमीदाराला सर्वांच्या आधीं घटनास्थळीं पोंचावें असें वाटत नाहीं त्यानें दुसरा धंदा शोधावा. मात्र हांव दोन जातींची असते. एक हांव मनुष्याला पायपीट करावयास लावते, दहा दारें ठोठावयास लावते, कागदपत्रें चाळावयास लावते. दुसरी हांव त्याला शेवटचा एक फोन करूं देत नाहीं. कारण त्या फोनवर बातमी खोटी ठरली तर पहिलें पान हातचें जाईल. पहिली हांव म्हणजे व्यवसायावरची निष्ठा. दुसरी म्हणजे निव्वळ लोभ. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि कचेरींतील वरिष्ठहि बढती देतांना दोन्हींत भेद करीत नाहींत. खरा धोका येथें आहे.

मालिकेंतील आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. जागृतीला अटक झाल्यावर तिच्या व्यवसायाची चर्चा थोडी होते आणि तिच्या शीलाची फार. एवढ्या बातम्या हिला मिळत तरी कशा, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणें देतो. जयदेव सेन यांच्याहि ओळखी गुन्हेगारांशीं व पोलिसांशीं आहेतच; त्या ओळखींना जग अनुभव म्हणतें, धैर्य म्हणतें. त्याच ओळखी बाईच्या असल्या कीं त्यांना निराळें नांव मिळतें. हें केवळ पडद्यावर घडतें असें नाहीं. रात्रपाळी करून पहाटे घरीं येणाऱ्या मुलीकडे आपल्याच सोसायटीच्या दारांत कशा नजरेनें पाहिलें जातें, हें आपल्याला ठाऊक आहे. ज्या दिवशीं तिच्यावर खरेंच कांहीं संकट येतें, त्या दिवशीं या साचलेल्या नजरा साक्षीदार होऊन उभ्या राहतात. मुलीला काळजीपोटीं आपण घरांत चार प्रश्न विचारतों तो आपला अधिकार आहे. परंतु बाहेरच्या माणसानें तसे प्रश्न विचारले तर तिच्या बाजूनें बोलणें हेंहि आपलें कर्तव्य आहे. जागृतीच्या घरचीं माणसें हें कर्तव्य करतात, आणि त्यामुळेंच ती तगते.

या विषयावर परदेशांत झालेला एक चित्रपट याच्या जोडीला पाहण्यासारखा आहे. डॅन गिलरॉय यांनीं लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'नाइटक्रॉलर' (२०१४). लॉस एंजेलिस शहरांत तारा व भंगार चोरून विकणारा लू ब्लूम नांवाचा तरुण (जेक जिलेनहाल) एका रात्रीं रस्त्यावरच्या अपघाताचें चित्रण करणारे छायाचित्रक पाहतो. हें चित्रण पहाटेच्या बातम्यांसाठीं विकत घेतलें जातें असें त्याला कळतें. तो एक कॅमेरा व पोलिसांचे संदेश ऐकण्याचें यंत्र मिळवितो, आणि त्याचा धंदा सुरू होतो. प्रथम तो फक्त सर्वांच्या आधीं पोंचतो. मग अपघातांतील मृतदेह, चित्र चांगलें यावें म्हणून, स्वतः हलवितो. पुढें खुनाच्या घरांत पोलिसांच्या आधीं शिरून चित्रण करतो. मारेकऱ्यांचे चेहरे त्यांत आलेले असूनहि पोलिसांना सांगत नाहीं, कारण त्यांना भर वस्तींत पकडलें जातांनाचें दृश्य त्याला हवें असतें. त्या दृश्यासाठीं काय मोल पडतें तें चित्रपटांतच पाहावें.

परंतु या चित्रपटांत लू ब्लूमपेक्षां विचार करावयास लावणारी व्यक्ति म्हणजे वृत्तविभागाची प्रमुख नीना (रेने रूसो). ती दुष्ट नाहीं. तिचें केंद्र स्पर्धेंत मागें पडलेलें आहे, तिच्या नोकरीची मुदत संपत आलेली आहे, आणि आंकडे वर गेले नाहींत तर तिला घरीं बसावें लागेल. म्हणून ती लूचें चित्रण घेते. कोठून आणलें असें विचारीत नाहीं. ज्या घरांत खून झाले तेथें अमली पदार्थ होते, म्हणजे हा कांहीं निष्पाप शेजाऱ्यांवरचा अकारण हल्ला नव्हता, ही माहिती मिळाल्यावरहि ती प्रसिद्ध करीत नाहीं. कारण खऱ्या हकीकतीनें भीति कमी झाली असती आणि भीति हाच तिचा माल आहे. सुखवस्तु, शांत वस्त्यांपर्यंत गुन्हे येऊन पोंचले अशी धास्ती तिला विकावयाची असते. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. सुखवस्तु, शांत वस्ती म्हणजे आपणच. आपल्याला भीति दाखविली कीं आपण दूरचित्रवाणीसमोरून उठत नाहीं, हें गणित तेथें जसें चालतें तसें येथेंहि चालतें.

मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला हा विषय अपरिचित आहे असें मात्र कोणी समजूं नये. विजय तेंडुलकरांचें 'कमला' हें नाटक १९८१ चें. एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीदारानें स्त्रियांचा क्रयविक्रय चालतो हें सिद्ध करण्यासाठीं त्याच सुमारास खरोखरच एक बाई विकत घेतली होती. त्यावरून त्यांना हें नाटक सुचलें. नाटकांतील जयसिंग जाधव कमलेला विकत आणून पत्रकारांपुढें उभी करतो आणि वाहवा मिळवितो. उद्देश उदात्त, परिणाम गाजावाजा. पण त्या बाईचें पुढें काय, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. तो पडतो त्याच्या बायकोला, सरितेला. आणि आपलीहि या घरांतील जागा विकत घेतलेल्या बाईहून फारशी निराळी नाहीं हें तिच्या ध्यानांत येतें. शेवटीं मालकाच्या एका निर्णयानें जयसिंगची नोकरी जाते. दुसऱ्याला साधन समजणारा स्वतःहि कोणाचें तरी साधन होता, असा तो हिशोब आहे. त्याआधीं १९७९ मध्यें जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' चित्रपटांत निळू फुले यांनीं दिगू टिपणीस या बातमीदाराची भूमिका केली. अरुण साधू हे स्वतः पत्रकार. त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघालेल्या या चित्रपटांतील दिगूला सारें दिसतें, सारें कळतें, आणि तें कळणेंच त्याला असह्य होतें. लू ब्लूमला कांहींच असह्य होत नाहीं. या दोघांमध्यें पस्तीस वर्षांचें अंतर आहे आणि धंद्याची बदललेली जातहि आहे.

आतां थोडें मागें जाऊं. १८८२ सालीं कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं गंभीर आरोप केले. आधार होता कांहीं पत्रांचा. तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरीहि त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढले. आगरकरांनीं त्यावर पुस्तकच लिहिलें. ही गोष्ट आपण बहुधा दोघांच्या त्यागाची म्हणून सांगतों. परंतु तिच्यांत वृत्तव्यवसायाचा एक धडाहि आहे. छत्रपतींचा छळ होतो आहे या तळमळीनें त्यांनीं लिहिलें. हेतु शुद्ध होता. तरीहि कागद खोटे होते. शुद्ध हेतु हा खातरजमेला पर्याय होऊं शकत नाहीं. आणि दुसरें असें कीं, चूक उघड झाल्यावर त्यांनीं ती कोणत्याहि सूत्रावर ढकलली नाहीं. नांवें छापलेलीं होतीं, तीं नांवें धारण करणारे तुरुंगांत गेले.

याच्या उलट एक अलीकडचें उदाहरण पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळीं ताज, ओबेरॉय व नरिमन हाउस येथें चाललेल्या कारवाईचें क्षणोक्षणींचें चित्रण दूरचित्रवाणीवरून दाखविलें जात होतें, आणि पाकिस्तानांत बसलेले सूत्रधार तें पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजीं कसाबचें अपील फेटाळतांना सर्वोच्च न्यायालयानें या प्रकाराबद्दल वाहिन्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. मात्र त्या तीन दिवसांतील एखाद्या विशिष्ट दृश्यासाठीं अमुक माणूस जबाबदार, असें बोट ठेवतां येत नाहीं. पडद्यावर जाणाऱ्या दृश्याखालीं जबाबदार माणसाचें नांव नसतें.

वृत्तपत्राखालीं असतें. आपल्या नव्या मुंबईचा या धंद्याशीं असलेला संबंध पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यांत महापे येथें 'लोकसत्ता' व 'इंडियन एक्स्प्रेस' यांचा छापखाना आहे. आपण निजलेलों असतों तेव्हां उद्यांचें पहिलें पान आपल्या उशाशींच छापलें जात असतें. त्या अंकांत बारीक अक्षरांत एक मजकूर असतो : मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, आणि संपादकाचें नांव. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्यानें ही पद्धत घातली. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला आहे. ही ओळ कोणी वाचीत नाहीं. पण सबंध अंकांत तिच्याइतकी मोलाची ओळ नाहीं, कारण ती सांगते कीं या पानावर जें छापलें आहे त्याबद्दल कोणाला जाब विचारतां येईल.

आणि आपण स्वतः? आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे आणि प्रत्येक सोसायटीचा व्हॉट्सॲप गट हें एक वृत्तपत्रच आहे. फक्त त्याला संपादक नाहीं. पाम बीच रस्त्यावर मोटार उलटली कीं मदतीला हात पुढें येण्याआधीं फोन पुढें येतात, आणि जखमीच्या घरीं निरोप पोंचण्यापूर्वीं त्याचें चित्र नेरूळपासून पनवेलपर्यंत फिरून येतें. त्याखालीं "असें ऐकलें" एवढें लिहिलें कीं पाठविणाऱ्याचें मन निवांत होतें. हें "असें ऐकलें" आणि तें "सूत्रांच्या माहितीनुसार" यांत तत्त्वतः काय फरक आहे? पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून मदत केली नाहीं, ही सबब आतां उरलेली नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ मध्यें घातलेल्या १३४-अ कलमानें अपघातग्रस्ताला सद्भावनेनें मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलें आहे; त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. लू ब्लूमला आपण नांवें ठेवतों; परंतु मृतदेहाचें चित्र पुढें धाडणारा हात आणि तें विकणारा हात यांत फक्त पैशाचें अंतर आहे.

'स्कूप'मध्यें दोष नाहींत असें नाहीं. ती एका बाईच्या आत्मकथनावर उभी असल्यामुळें सारें तिच्याच डोळ्यांनीं दिसतें. जो मारला गेला तो मनुष्य, त्याचें काम, त्याच्या घरच्यांचें दुःख हें मागें सावलींत राहतें. खून पवईला झाला, पण सहानुभूति भायखळ्याला गेली, असें कोणी म्हटलें तर तें सर्वस्वीं खोटें म्हणतां येणार नाहीं. मालिकेचा वेग मधल्या भागांत मंदावतो. तुरुंगांतील व कचेरींतील भाषा कांहीं ठिकाणीं कानांना बोचते, म्हणून लहान मुलांसमवेत ती पाहूं नये. 'नाइटक्रॉलर' तर केवळ प्रौढांसाठींच आहे. त्यांतील रक्तपात व त्याहूनहि नायकाचें थंड हास्य मनांत बराच वेळ राहतें. परंतु सतरा-अठरा वर्षांची, हा धंदा पत्करूं पाहणारी मुलें घरांत असतील, तर 'स्कूप' त्यांच्याबरोबर बसून जरूर पाहावी आणि प्रत्येक भागानंतर थोडें बोलावें.

काय बोलावें? त्यांना धंद्यापासून परावृत्त करूं नये. बातमीदार नसते तर पुष्कळ पापें झांकलेलींच राहिलीं असतीं, आणि डे यांच्यासारख्या माणसांनीं त्याची किंमत प्राणांनीं दिलेली आहे. चांगल्या घरांतील, वाचन असलेलीं, भीड न बाळगणारीं मुलें या धंद्यांत गेलीं पाहिजेत. मात्र तीन प्रश्न त्यांच्या कानांवर घालावेत. ही बातमी मला देणाऱ्याचा यांत काय लाभ आहे? ज्याच्याविरुद्ध मी लिहितों आहें त्याला मीं विचारलें काय? आणि उद्यां हें खोटें ठरलें तर त्याच पानावर, त्याच जागीं, तितक्याच मोठ्या अक्षरांत तसें छापण्याची माझी तयारी आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कचेरींत शिकवितां येतात. तिसऱ्याचें उत्तर घरूनच न्यावें लागतें. खेळांत हरल्यावर हार मान्य करावयास, भांडें फुटल्यावर "मीं फोडलें" असें म्हणावयास ज्या घरांत शिकविलें जातें, त्या घरांतील मूल पहिल्या पानावर गेलें तरी आम्हांस त्याची चिंता वाटत नाहीं.

राहतां राहिला वाचकाचा भाग. ज्या वृत्तपत्रानें जिग्ना व्होरा यांच्या अटकेची बातमी आपल्याला मोठ्या मथळ्यानें दिली, त्यानें २०१८ मधील त्यांच्या मुक्ततेची बातमी कोणत्या पानावर, किती अक्षरांत दिली होती, हें आपल्यापैकीं किती जणांना आठवतें? अटक सर्वांना आठवते. मुक्तता थोड्यांनाच आठवेल. पुढच्या वेळीं एखाद्या माणसाचें नांव असें गाजूं लागलें, तर निकालाच्या दिवसापर्यंत आपलें मत थोडें मागें ठेवावें आणि निकाल लागला म्हणजे तो शोधून वाचावा. मग तो आंतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यांत कां असेना.